छायाप्रकाशाचे व्रत

नागपुराहून वर्ध्याकडे येणाऱ्या मार्गावर केळझर हे जुने गाव लागते. तेथील टेकडीवर सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, असे लोकपरंपरा सांगते. वर्ध्याच्या या भूमीला निसर्गाने रंग देताना हात आखडता घेतलेला नाही. पावसाने भिजलेली काळीभोर जमीन, हिवाळ्यात शुभ्र बोंडांनी फुललेली कपाशी, फाल्गुनात रानभर पेटलेला पळस! अशा प्रदेशात एखादा छायाचित्रकार रंगांच्या मागे वेडा झाला असता, तर नवल वाटले नसते. परंतु केळझरची वाट पुढे वर्ध्यास जाते, वर्ध्याहून आठ किलोमीटरांवर सेवाग्राम आहे. आणि त्या सेवाग्रामात एका तरुणाने केवळ काळ्यापांढऱ्या फिल्मवर आपल्या काळाचे जे चित्र रेखिले, त्यास रंगाची उणीव कधीच भासली नाही.

१९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगाव या खेड्यात राहावयास गेले. १९४० मध्ये त्याच गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. गांधीजींचा पत्रव्यवहार व हिशेब पाहणाऱ्या मंडळींत कनू गांधी हे होते. त्यांचा जन्म १९१७ चा. गांधीजींचे चुलत पुतणे नारणदास यांचे ते चिरंजीव. आश्रमाच्या शिस्तीतच ते लहानाचे मोठे झाले होते. विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी त्यांना छायाचित्रे घेण्यास उत्तेजन दिले, आणि कनूभाईंच्या मनाने कॅमेऱ्याचा ध्यास घेतला.

परंतु जेथे पेन्सिलीचा तुकडाही जपून वापरावयाचा, तेथे कॅमेरा कोठून यावा? असल्या छंदासाठी आश्रमाजवळ पैसा नाही, असे गांधीजींचे उत्तर आले. पुढे घनश्यामदास बिर्ला यांनी १०० रुपये दिले, आणि त्यातून एक रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्मची गुंडाळी आली. गांधीजींनी अनुमती दिली, पण तीन अटी घालून. पहिली अट, फ्लॅशचा झगझगीत दिवा वापरावयाचा नाही. दुसरी, चित्रासाठी म्हणून कोणास बसावयास वा उभे राहावयास सांगावयाचे नाही. तिसरी, खर्चासाठी आश्रमापुढे हात पसरावयाचा नाही.

वरवर पाहता या अटी म्हणजे छायाचित्रकाराचे हातपाय बांधणेच होय. सेवाग्रामची कुटी मातीच्या भिंतींची, कौलारू छपराची आणि ठेंगणी. आत उजेड बेताचाच. त्या काळच्या फिल्मला आजच्या मानाने प्रकाश पुष्कळ लागे. दिवा नाही, म्हणजे भिंग पूर्ण उघडावयाचे, झडप अधिक वेळ उघडी ठेवावयाची, आणि श्वास रोखून कॅमेरा स्थिर धरावयाचा. त्यातच समोरच्यास ‘क्षणभर थांबा’ म्हणण्याची सोय नाही. गांधीजी बोलत, लिहीत, सूत कातीत, झपझप चालत. त्यांच्या मागे धावून जो क्षण सापडेल तोच आपला. गुंडाळीवर चित्रे उमटावयाची अवघी १२, आणि प्रत्येकीचे मोल स्वतःच्या श्रमाने फेडावयाचे. कनूभाईंनी वर्तमानपत्रांना चित्रे पुरवून आपला खर्च भागविला. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’कडून त्यांना दरमहा १०० रुपये मिळत.

या कामास तो कॅमेराही मोठा अनुरूप होता. रोलायफ्लेक्सला दोन भिंगे असतात. एकातून फिल्मवर प्रकाश पडतो, आणि दुसऱ्याने दिसणारे दृश्य माथ्यावरील दुधी काचेवर उतरते. तो डोळ्यास लावावयाचा नसून छातीशी किंवा पोटाशी धरावयाचा व खाली पाहावयाचे. समोरच्या माणसावर नजर रोखलेली नाही, उलट मान लवलेली आहे, अशी छायाचित्रकाराची मुद्रा होते. झडपेचा आवाजही अगदी अल्प. ज्या घरात मौनाला मान होता, तेथे असे अदबशीर यंत्र खपून गेले. त्या दुधी काचेवर डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते, हे ध्यानी घेतले, म्हणजे चालत्या माणसाचा पाठलाग करण्यास हात किती मुरलेला पाहिजे याची कल्पना येईल.

आणि त्या अटींतूनच त्या चित्रांचे वैशिष्ट्य जन्मास आले. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. महारोगाने ग्रासल्यामुळे समाजाने दूर लोटलेले. ते सेवाग्रामास आले आणि गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले. १९४० च्या सुमाराचे ते चित्र पुष्कळांनी पाहिले असेल: शास्त्रीबुवा बसले आहेत आणि गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळीत आहेत. तेथे दिवा लखलखता, किंवा कोणी ‘इकडे पाहा’ म्हणता, तर सेवेचा देखावा झाला असता. तो झाला नाही. दोघांपैकी कोणासही कॅमेऱ्याची आठवण नाही, हेच त्या चित्राचे सारे सामर्थ्य होय.

रंगाचा प्रश्न येथे सहजच उभा राहतो. १९३५-३६ च्या सुमारास कोडॅकची कोडाक्रोम आणि आग्फाची नवी रंगीत फिल्म निघाली होती. म्हणजे कनूभाईंच्या हाती कॅमेरा आला, तेव्हा रंगीत छायाचित्र ही स्वप्नातील गोष्ट राहिली नव्हती. परंतु त्या फिल्मला साध्या फिल्मच्या कित्येक पट प्रकाश हवा असे, आणि कोडाक्रोम धुण्याची कृती इतकी अवघड, की ती कारखान्याच्या प्रयोगशाळेतच धाडावी लागे. जेथे दिव्यास मज्जाव, त्या कुटीत अशी फिल्म आंधळीच ठरती. मग त्या कुटीतील रंग कोठे गेले? ते छटांत उतरले. खादीचा पांढरा वेगळा, उन्हात वाळणाऱ्या धोतराचा वेगळा, पिकल्या केसांचा आणखी वेगळा. सारवलेल्या भिंतीचा करडेपणा आणि वृद्ध त्वचेवरील सुरकुत्यांची सावली यांतील अंतर ज्यास ओळखता येते, त्यास काळ्यापांढऱ्या फिल्मवरही रंगांचे सप्तक सापडते. शिवाय साध्या फिल्मवरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते. नीट धुतले व जपले, तर ते दीर्घकाळ टिकते. कित्येक रंगीत चित्रांची रंगद्रव्ये मात्र काळाबरोबर फिकी होतात.

तथापि या साधनेची खरी कसोटी न घेतलेल्या चित्रांत लागली. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान राजवाड्यात कस्तुरबा अंथरुणास खिळल्या होत्या. त्यांच्या शुश्रूषेसाठी कनूभाईंना तेथे येऊ दिले होते. २२ फेब्रुवारीस बांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. तो निरोपाचा क्षण टिपण्यास गांधीजींनी मनाई केली. छायाचित्रकाराच्या आयुष्यात असा क्षण पुन्हा येत नाही. पण तो क्षण त्या दोघांचा होता. कनूभाईंनी कॅमेरा उचलला नाही.

दैवाची दुसरी गाठ याहून कठोर होती. दहा वर्षांहून अधिक काळ ज्याने ती मूर्ती छायेप्रमाणे अनुसरली, तो ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत नव्हता. शांततेच्या कामासाठी कनूभाई दूर पूर्वेस, नोआखालीत राहिले होते. त्या सायंकाळी प्रार्थनेस निघालेल्या गांधीजींच्या एका बाजूस मनूबेन होत्या, तर दुसऱ्या बाजूस कनूभाईंच्या पत्नी आभाबेन. ज्याचा कॅमेरा सदैव सोबत असे, त्याच्या वाट्यास ती शेवटची वाट आली नाही.

पुढे कनूभाई व आभाबेन राजकोटच्या परिसरात ग्रामसेवेत रमले. १९८६ मध्ये कनूभाई निवर्तले. त्यांची चित्रे वर्तमानपत्रांत, पुस्तकांत, भिंतींवर सर्वत्र पोहोचली होती; पण पाहणारा चित्रातील माणसाला ओळखी, घेणाऱ्याला नाही. २०१५ मध्ये दिल्लीच्या नजर फाउंडेशनने त्यांच्या चित्रांचा संग्रह ‘कनूज गांधी’ या नावाने प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे त्या हातांचे नाव अनेकांच्या कानी पडले.

छंद पुष्कळांना असतो, आणि साधने वाढली की छंदही फोफावतो. आज खिशातील दूरध्वनीनेही हवे तितके रंग आणि हवी तितकी चित्रे मिळतात. परंतु छंदाचे व्रत केव्हा होते, याचे उत्तर सेवाग्रामच्या त्या ठेंगण्या कुटीत आहे. मिळेल तेवढ्या उजेडात, समोरच्या माणसास यत्किंचितही न दुखविता, स्वतःच्या कष्टाने काम करावयाचे; आणि ‘नको’ म्हटल्यावर कॅमेरा खाली ठेवावयाचा. घेतलेल्या चित्रांइतकेच त्या खाली ठेवलेल्या कॅमेऱ्यानेही कनू गांधी यांना थोर केले.