शेवटचे तीन फूट

‘विद्यापीठ आणि लोकराजनय’ हा विषय मला कळवण्यात आला, तेव्हा पहिली अडचण शब्दाचीच आली. राजनय म्हणजे एका सरकारने दुसऱ्या सरकारशी करावयाची बोलणी. तह, खलिते, वकिलाती, मेजवान्या. त्यात लोक कुठून आले? आणि विद्यापीठ तर त्याहून लांब. पण हा शब्द मुळात एका विद्यापीठातच रुळला, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. १९६५ साली अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या फ्लेचर विद्यालयाचे प्रमुख एडमंड गलियन यांनी ‘पब्लिक डिप्लोमसी’ हे नाव प्रचारात आणले. हे गृहस्थ स्वतः राजदूत म्हणून काम केलेले. एका देशाने दुसऱ्या देशाच्या सरकारशी नव्हे, तर तिथल्या माणसांशी बोलायचे, असा त्याचा साधा अर्थ. तेव्हा त्याला आपण लोकराजनय म्हणू आणि पुढे जाऊ.

गलियनसाहेबांनी या विषयासाठी जे केंद्र काढले, त्याला नाव दिले एडवर्ड मरो यांचे. मरो हे नभोवाणीचे माणूस. १९४० साली लंडनवर बाँब पडत असताना तिथून त्यांनी अमेरिकेला दिलेली वृत्ते नभोवाणीच्या इतिहासात गाजली. पुढे १९६१ मध्ये अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याचे ते प्रमुख झाले. तिथे असताना त्यांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली. तिचा आशय असा, की आपले म्हणणे हजारो मैल पोचवणे यंत्रामुळे सोपे झाले आहे. साखळीतला खरा महत्त्वाचा दुवा म्हणजे शेवटचे तीन फूट, आणि ते अंतर एका माणसाने दुसऱ्याशी समोरासमोर बोलूनच ओलांडता येते. जन्मभर मायक्रोफोनपुढे बसलेल्या माणसाने हे म्हणावे! आज मीही मायक्रोफोनपुढेच बसलो आहे, आणि तुम्ही तर हे छापील पुस्तिकेत वाचता आहात; म्हणजे आपल्यातले अंतर तीन फुटांपेक्षा बरेच जास्त. असो.

मला जे सांगायचे आहे ते पुण्यापुरते आहे. आमच्या शहरात हे तीन फूट कधी कधी फार सुंदर रीतीने ओलांडले गेले, आणि कधी कधी अगदी दाराशी येऊन हात आखडला.

जुने उदाहरण घेऊ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झाले आणि १९१९ पासून तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. ते संपायला १९६६ साल उजाडले. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर या कामाचे प्रमुख संपादक. केंब्रिजला गणित शिकलेले आणि बर्लिनला संस्कृतात डॉक्टरेट मिळवलेले. त्यातले सभापर्व कोणी संपादिले, ठाऊक आहे? येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी. ते १९४४ साली, म्हणजे महायुद्ध ऐन भरात असताना प्रसिद्ध झाले. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता.  तरी अमेरिकेतला एक पंडित पुण्याच्या पद्धतीने, पुण्याने घालून दिलेल्या नियमांनी पाठभेद नोंदवीत होता. यात जाहिरात कुठेच नव्हती. काम एवढे नेटके होते, की परक्याला त्यात सहभागी व्हावेसे वाटले.

यानंतरचा काळ मला सर्वांत रंजक वाटतो. १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने भाषाविज्ञानाचे वर्ग भरू लागले. पैसा अमेरिकेतल्या रॉकफेलर प्रतिष्ठानचा, शिकवायला काही अमेरिकन प्राध्यापक, आणि शिकायला भारतभरचे तरुण अध्यापक. आपल्याच बोलीचे ध्वनी नव्या शास्त्राने कसे तपासावेत, याचे धडे येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत अनेकांनी गिरवले. १९६१ साली अमेरिकेतील विद्यापीठांनी मिळून भारतविद्येसाठी एक संस्था काढली, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज, आणि तिचे भारतातले पहिले ठाणे याच डेक्कन कॉलेजात पडले.

पैसा कुठला? इथे एक गंमत आहे, बरं का. पीएल ४८० हे अक्षर-आकडे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवत असतील. त्या कायद्याखाली अमेरिकेचा गहू आपल्याकडे आला, रेशनच्या रांगेत मिळाला. लोकांनी नाके मुरडत का होईना, तो खाल्ला. त्याची किंमत भारताने रुपयांत चुकती केली आणि ते रुपये अमेरिकन सरकारच्या नावे इथेच साचले. त्यांतला काही भाग या अभ्यासवृत्त्यांकडे वळला. १९६२ पासून त्याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे पाठवण्याची योजना सुरू झाली. त्यांत मराठीही होती. म्हणजे आपण गहू खाल्ला आणि त्याच्या पैशांतून आपल्या कथा-कादंबऱ्या समुद्रापार गेल्या!

हा काही धर्मादाय नव्हता. शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिकेला आशिया समजून घ्यायचा होता आणि आपल्या बाजूला वळवायचा होता. तिकडे मॉस्कोनेही हात आखडता घेतला नाही: गुळगुळीत कागदावरची, सुरेख चित्रांची रशियन बालपुस्तके मराठीत अनुवादून इतक्या स्वस्त मिळत, की मध्यमवर्गीय घरांतल्या दोन पिढ्या त्यांवर वाढल्या. मीही त्यांतलाच. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि ती पुस्तके यायची थांबली. ते सरकार आमच्यावर काय छाप पाडू पाहत होते कोण जाणे. लक्षात राहिली ती बर्फातली कोल्ही आणि अस्वले.

मात्र अमेरिकनांच्या योजनेतून जी माणसे आली, ती सरकारी हेतूच्या पुष्कळ पुढे गेली. एलिनॉर झेलियट यांचेच पाहा. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात त्या इतिहास शिकवीत. डॉ. आंबेडकर आणि महारांची चळवळ हा विषय घेऊन त्यांनी १९६९ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्या काळी आपल्या विद्यापीठांत या विषयाला किती जागा होती? मला वाटते, फारच थोडी. झेलियटबाई वस्त्यांत गेल्या, चळवळीतल्या माणसांशी बोलल्या, आणि पुढे दलित कविता इंग्रजीत नेण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. २०१६ साली त्या वारल्या. महाराष्ट्राची जी बाजू आपण पाहुण्यांना दाखवत नसू, ती त्यांनी जगाला दाखवली, आणि त्याने महाराष्ट्राचे नाव खाली गेले नाही, वरच गेले.

गुंथर सोन्थायमर यांची गोष्टही अशीच. हा जर्मन पंडित आला हिंदू कायद्याच्या अभ्यासासाठी आणि गुंतला धनगरांत. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यामागे तो माळरानांवर हिंडला. ओव्या ऐकल्या, ध्वनिमुद्रित केल्या. १९७६ साली जर्मनीत त्याचा ग्रंथ निघाला. जेजुरीची वारी पुणेकरांना परिचयाची, पण तिच्यामागचे मेंढपाळांचे जग हायडेलबर्गच्या प्राध्यापकाने उलगडावे, याला काय म्हणावे? आणि मॅक्सीन बर्नसन तर फलटणला बोलींचा अभ्यास करायला आल्या आणि तिथल्याच होऊन गेल्या. भारताचे नागरिकत्व घेतले, प्रगत शिक्षण संस्था काढली, मुलांना मराठी वाचायला कसे शिकवावे याची पद्धत बसवली. त्यांना परदेशी म्हणायचे तरी कसे!

या तिघांत एक गोष्ट समान आहे. तिघेही मराठी शिकले. कुणी तरी त्यांना मराठी शिकवली, घरात घेतले, ताटावर बसवले, चुकीचे लिंग वापरले तर न हसता दुरुस्त केले. त्या शिकवणाऱ्यांची नावे तळटीपांत राहिली. लोकराजनय म्हणतात तो त्यांनीच केला.

हा व्यवहार नाजूकही आहे. २००३ साली शिवाजीमहाराजांवर एका अमेरिकन प्राध्यापकाचे पुस्तक निघाले. त्यातल्या एका मजकुराने महाराष्ट्र दुखावला, आणि ते दुखावणे खोटे नव्हते. दुसऱ्याच्या घरी वर्षानुवर्षे राहून लिहिणाऱ्याने शब्द तोलून वापरावेत ही अपेक्षा रास्तच आहे. पण ५ जानेवारी २००४ रोजी जमाव चालून गेला तो भांडारकर संस्थेवर. ज्या संस्थेने ते पुस्तक लिहिले नव्हते, तिच्या कपाटांतले ग्रंथ आणि हस्तलिखिते जमिनीवर आली. जी ठेव पाहण्यासाठी जगभरचे लोक पुण्याला येत, तिलाच आपल्या हातांनी इजा झाली.

आता आजच्या विद्यार्थ्यांकडे येऊ. परदेशी विद्यार्थ्यांसाठी झालेल्या संस्थांत सिंबायोसिसची जन्मकथा पुण्यात बहुतेकांना ठाऊक आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि वसतिगृहही पाहत. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आत काही तरी देते, हे त्यांनी पाहिले. चौकशी केली तेव्हा कळले, की आत मॉरिशसचा एक मुलगा काविळीने पडून आहे आणि ती त्याला जेवण देते आहे. त्यातून १९७१ साली संस्था उभी राहिली. खिडकीच्या गजांमधले ते अंतर, मला वाटते, तीन फुटांहूनही कमी असेल.

पुणे विद्यापीठाचे आवार पाहिले आहे ना? आज सावित्रीबाई फुल्यांचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, ते गणेशखिंडीतल्या गव्हर्नरसाहेबांच्या पावसाळी बंगल्यात. याच बंगल्यातला राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. नेटिवांना लांब ठेवण्यासाठी बांधलेल्या त्या आवारात आज येमेन, इराण, सुदान, नेपाळ, अफगाणिस्तान इथली मुले प्रवेशाच्या चौकशीला येतात. गावात फर्ग्युसन रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग आणि वृत्तविद्येचा विभाग शेजारी शेजारी नांदतात. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकलेली किती तरी पुणेकर मुले-मुली तिथून बाहेर पडली. ही झाली आपली जगाशी बोलण्याची तयारी. जगाने आपल्याशी बोलावे याची तयारी काय आहे?

सरकारच्या बाजूने उणीव आहे असे म्हणता येत नाही. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून आहे, तिच्या शिष्यवृत्त्यांवर मुले येतात. परराष्ट्र खात्याने २००६ साली लोकराजनयाचा स्वतंत्र विभागच काढला. २०१८ पासून ‘स्टडी इन इंडिया’ ही मोहीम चालू आहे. इतके असूनही २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत भारतभर मिळून परदेशी विद्यार्थी भरले सुमारे ४७ हजार, आणि त्यांत चौथा हिस्सा तर एकट्या नेपाळचा. उलट बाजूने २०२४ मध्ये परदेशांत शिकणारे भारतीय १३ लाखांच्या वर होते.

अंतर शेवटच्या तीन फुटांत अडते, ते असे. माझ्या वर्गात आफ्रिकेतला एक मुलगा होता. राज्यशास्त्र शिकायला आलेला, अतिशय सालस. दूरध्वनीवर खोली ठरायची. प्रत्यक्ष गेला की ‘कालच दिली हो’. असे चार ठिकाणी झाले. पाचव्या वेळी मी बरोबर गेलो तर घरमालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘सर, तुम्ही जबाबदारी घेता का?’ कसली, ते त्यांनाही सांगता येईना. मुलगा दारात उभा होता. मराठी त्याला येत नव्हती, पण झाले ते सारे त्याला कळले. अतिथी देवो भव हे आपण पाट्यांवर छान लिहितो.

आणखी एक घटना सर्वांच्या डोळ्यांदेखत घडली. पुण्यात अफगाण विद्यार्थी बऱ्याच वर्षांपासून येत. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. इथे असलेल्या मुलांना घरून पैसे येणे अवघड झाले. जी मुले करोनाकाळात मायदेशी गेली होती आणि दूरस्थ वर्गांना बसत होती, त्यांचे आधीचे व्हिसा २५ ऑगस्टला आपल्या सरकारने रद्द ठरवले. सुरक्षेची कारणे असतील. ती मी नाकारत नाही. पण नाव पटावर, फी भरलेली, आणि देशात पाऊल ठेवता येत नाही, अशी अनेकांची अवस्था झाली. अफगाणिस्तानचे एक माजी अध्यक्ष हमीद करझाई सिमल्याला शिकलेले आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. या मुलांपैकी कोण उद्या कुठे बसलेले असेल, कुणी सांगावे? आणि कुणी कुठेच बसले नाही, तरी त्यांचे इथले शिक्षण पुरे व्हायला हवे होते, एवढेच मला दिसते.

अशा वेळी विद्यापीठे काय करतात? दरवर्षी एक दिवस आंतरराष्ट्रीय महोत्सव. आपापल्या देशांचे पोशाख, खाद्यपदार्थ, झेंडे, छायाचित्रे. त्यात वाईट काही नाही. मुले आनंदाने नटतात. पण उरलेल्या दिवसांत खिडकीवरच्या कारकुनाला इंग्रजी बोलायचा संकोच आणि मुलाला मराठी येत नाही, म्हणून दोघेही एकमेकांवर ओरडतात. महोत्सवाच्या खर्चात वर्षभराचा एक मराठीचा वर्ग सहज चालेल. संध्याकाळी, मोफत, भाजी आणि रिक्षापुरते मराठी शिकवणारा. झेलियटबाईंच्या वेळी जे मूठभर पाहुण्यांना मिळाले, ते सर्वांना मिळावे, यात काही अवाजवी नाही.

आणि तुमची खोली भाड्याने द्यायची असेल, तर पूर्वी ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखले जाणारे एक काम असते, एवढे लक्षात ठेवा. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत त्याची माहिती नोंदणी कार्यालयाला कळवायची. हल्ली ते संगणकावरून होते, त्यासाठी पोलीस ठाण्यात जाऊन बसावे लागत नाही. पुष्कळ घरमालक त्या फॉर्मला भिऊनच नाही म्हणतात. पहिल्या वेळी कॉलेजातल्या कुणाला तरी शेजारी बसवून तो भरून घ्या. दुसऱ्या वेळी तुमचा तुम्हांला भरता येईल.