एक मुखवटा, तीन दिग्दर्शक

बॅटमॅन मुखवट्यामागे गर्भश्रीमंतच आहे. म्हणून त्याच्या गॉथम शहराचा खरा शत्रू कोण, हे प्रत्येक दिग्दर्शकाला ठरवावे लागते. टिम बर्टनला १९९२ साली तो उद्योगपतीत दिसला; वीजनिर्मितीच्या नावाखाली शहराचीच वीज शोषू पाहणारा. क्रिस्टोफर नोलनने २०१२ साली तो शेअरबाजारावर चालून जाणाऱ्या बंडखोरांत शोधला. त्यांच्या न्यायालयात गुन्हा आधीच सिद्ध मानलेला असतो. मॅट रीव्ह्जने २०२२ साली बॅटमॅनच्या वडिलांच्या दानधर्मालाच हात घातला. शहराच्या उद्धारासाठी ठेवलेला निधी तेथे गुंड व अधिकारी लाटतात. ही दृष्टी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. मात्र अखेरीस पुरात अडकलेले नागरिक बॅटमॅनच्या हातातील मशालीमागूनच चालतात. ती मशाल नागरिकांच्या हाती देणाऱ्या दिग्दर्शकाची मी वाट पाहतो आहे.