उष्णता आणि मोजपट्टीचा खरेपणा

श्रोतेहो, लांबी मोजण्यासाठीं आपण पोलादी पट्टी हातांत घेतों, तेव्हां ती स्वतः अचल आहे असें गृहीत धरूनच घेतों. वस्तु लहान असो वा मोठी, पट्टी मात्र सदैव तीच, असा आपला विश्वास असतो. आज या विश्वासाची थोडी परीक्षा घ्यावयाची आहे.

उष्णतेनें धातु प्रसरण पावतात, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. प्रश्न आहे तो किती, याचा. उष्णतामान एक अंश सेंटिग्रेडनें वाढलें म्हणजे पोलाद आपल्या लांबीच्या दहा लक्ष भागांपैकीं सुमारें साडेअकरा भागांनीं वाढतें. सकाळीं २० अंशांच्या गारव्यांत खरी असलेली एक मीटरची पट्टी दुपारीं उन्हांत ४० अंशांपर्यंत तापली, तर ती जवळजवळ पाव मिलिमीटर लांब होते.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. पट्टी लांबली म्हणजे ती माप जास्त दाखवील, असें प्रथम वाटतें. घडतें तें उलट. पट्टीबरोबर तिच्यावरील रेघांमधील अंतरेंही वाढतात. तेवढ्याच लांबीवर कमी रेघा बसतात आणि माप खऱ्याहून कमी येतें. गारठलेल्या पट्टीचें माप त्याउलट जास्त येतें.

शिंपी किंवा सुतार यांस पाव मिलिमीटरची खंत करण्याचें कारण नाहीं. परंतु चूक लहान असली तरी ती नेहमीं एकाच दिशेची असेल, तर मोजणी जितक्या वेळां करावी तितकी ती साठत जाते. याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशाच्या भूमापनाच्या इतिहासांत सांपडतें.

१८०२ सालीं विल्यम लॅम्बटन यांनीं मद्रासनजीक सेंट थॉमस माउंटजवळ एक पायारेषा मोजली. तिची लांबी सुमारें साडेसात मैल, म्हणजे अदमासें ४०,००० फूट. साखळी पोलादाची व १०० फुटांची. ती सुमारें ४०० वेळां मांडावी लागली आणि या कामीं ५७ दिवस गेले. आतां हिशेब करून पाहूं. उष्णतामानांत १० अंशांचा फरक पडला, तर १०० फुटांची साखळी इंचाच्या सातव्या भागाइतकी लांबते. तीच चूक चारशें वेळां झाली, कीं पायारेषेंत साडेचार फुटांहून अधिक तफावत पडते!

बरें, ही चूक तेथेंच थांबत नाहीं. त्रिकोणांच्या मोजणींत प्रत्यक्ष मोजतात ती पायारेषा तेवढी. पुढील त्रिकोणांचे कोन घेऊन बाकीच्या बाजू गणितानें काढतात. पायारेषा ज्या प्रमाणांत चुकली, त्याच प्रमाणांत पुढचीं सारीं अंतरें चुकतात. कन्याकुमारीजवळून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतच्या सुमारें २,४०० किलोमीटरांत अशी चूक पावणेतीनशें मीटरांवर गेली असती. या मोजणीवरून तर पृथ्वीचा आकार ठरवावयाचा होता!

म्हणून लॅम्बटन यांनीं साखळी उघड्या जमिनीवर टाकली नाहीं. ती लांकडी पन्हळींत, तंबूंच्या सावलींत ठेवून, जवळच्या उष्णतामापकांचे आंकडे टिपून घेतले; आणि दुसरी एक साखळी केवळ ताडून पाहण्यासाठीं राखून ठेविली.

तथापि उष्णतामापक जें सांगतो, तितकेंच साखळीचें पोलादही त्या क्षणीं तापलेलें असेल, अशी खात्री कोण देणार? थॉमस कोल्बी यांनीं आयर्लंडच्या मोजणीसाठीं निराळी युक्ति योजिली. त्यांनीं पितळेची व लोखंडाची अशा दहा-दहा फुटी दांड्या समांतर ठेवून मध्यभागीं एकत्र जखडल्या. या दोन धातूंच्या प्रसरणाचें प्रमाण अदमासें पांचास तीन. दांड्यांच्या दोन्ही टोकांस एक एक आडवी जीभ जोडून, ती लोखंडी दांडीच्या पलीकडे काढून, तिच्यावर याच प्रमाणाच्या हिशेबानें सूक्ष्म ठिपका केला. दांड्या तापून लांबल्या कीं जीभ तिरपी होते, ठिपका मात्र जागचा हालत नाहीं. जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं १८३० सालीं असा संच हिंदुस्थानांत आणला आणि कलकत्ता, डेहराडून व सिरोंज येथील पायारेषा त्यानें मोजल्या. डेहराडूनच्या साडेसात मैलांच्या रेषेची प्रत्यक्ष लांबी आणि शेंकडों मैल दूरच्या सिरोंजहून गणितानें आलेली लांबी यांत फरक राहिला तो सुमारें सात इंचांचा.

पुढें धातुशास्त्रानें तिसरा मार्ग दाखविला. १८९६ सालीं शार्ल गीयोम यांस असें आढळलें, कीं लोखंडांत सुमारें ३६ टक्के निकेल मिसळल्यास होणारा धातु पोलादाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच प्रसरण पावतो. हाच 'इन्व्हार'. या कामगिरीबद्दल त्यांस १९२० चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मग साधी पट्टी खरी मानावयाची तरी केव्हां? १९३१ सालीं यासाठीं २० अंश सेंटिग्रेड हें उष्णतामान आंतरराष्ट्रीय संमतीनें ठरलें. चांगल्या पोलादी टेपांवर हा आंकडा छापलेला आढळतो. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून करतात, तरी कारखान्यांत हातीं येणारी पट्टी धातूचीच असते. पोलादाची वस्तु पोलादी पट्टीनें मोजली आणि दोन्ही सारख्याच तापलेल्या असल्या, तर चूक आपोआप फिटते व माप २० अंशांवरचेंच येतें. वस्तु पितळेची असेल तर मात्र फिटत नाहीं. म्हणून सूक्ष्म मोजणीपूर्वीं वस्तु व पट्टी बराच वेळ एकाच खोलींत ठेवतात.

श्रोतेहो, मुळींच न बदलणारी पट्टी आजवर कोणत्याही धातूची झालेली नाहीं. लॅम्बटन यांची साखळीही दररोज बदलत होती. परंतु ती किती बदलते हें त्यांस ठाऊक होतें आणि त्याचा हिशेब त्यांनीं ठेविला होता. मापाला खरेपणा येतो तो अशा हिशेबानें.