वनयोग्य भूमीचा शोध

भिंतीवरील नकाशांत महाबळेश्वर आणि दहिवडी यांच्यामध्यें वीतभरच अंतर दिसतें; परंतु महाबळेश्वरीं वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर दहिवडीच्या माण तालुक्यांत ५०० च्या आसपास. अशा जिल्ह्यांत सर्वत्र एकाच जातीचीं रोपें लावण्याचा उत्साह मला पटत नाहीं. २०१९ सालीं महाराष्ट्र शासनानें ३३ कोटि वृक्ष लावण्याचा संकल्प सोडला होता. संख्या ठरविणें सोपें. जागा ठरविणें कठीण.

या कामीं आतां भौगोलिक माहितीप्रणालीचें साह्य होतें. पारदर्शक कागदांची चळत डोळ्यांपुढें आणा. एका कागदावर उतार, दुसऱ्यावर मातीची खोली, तिसऱ्यावर पाऊस, चौथ्यावर शेतें व गायरानें. संगणक हे कागद एकमेकांवर ठेवतो आणि सर्व अटी जुळतात तेवढाच भाग रंगवून दाखवितो. झाडोऱ्याची वार्ता उपग्रह आणतो. हिरवें पान डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण पुष्कळ परतवितें. ते किरण चित्रांत तांबड्या रंगानें दाखवितात, म्हणून दाट रान तेथें लालभडक दिसतें! १९८८ च्या मार्चांत आय्‌.आर्‌.एस्‌. १-ए हा भारतीय उपग्रह अवकाशांत गेल्यापासून अशीं चित्रें आपल्या घरचींच झालीं आहेत.

परंतु यंत्रास जें विचारावें तेवढेंच तें सांगतें. "झाडें नाहींत, उतार बेताचा आहे, पाऊस भरपूर आहे, अशी भूमि दाखव," असें म्हटलें, तर तें नेमकें कासचें पठार पुढें करील! जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर. उन्हाळ्यांतील चित्रांत तें उजाड पडीकच दिसणार. त्याच खडकावर भाद्रपदांत तेरडा आणि सीतेचीं आसवें फुलतात. ज्याच्या शास्त्रीय नांवांतच सातारा आहे तो वायतुराही तेथलाच. २०१२ सालीं जागतिक वारशांत गेलेल्या या सड्यावर खड्डे खणून सावली पाडणें म्हणजे उन्हावर जगणाऱ्या या वनस्पतींचा घात होय. यास्तव चळतींत आणखी एक कागद हवा: येथें झाड लावूं नये. माणदेशांतील मेंढरांचीं कुरणेंही त्या कागदावर आलीं पाहिजेत, कारण सरकारी भाषेंत पडीक असलेली भूमि धनगराच्या लेखीं चराई असते.

उरलेल्या मुरमाड उतारांवर समपातळींत चर खणून बाभूळ, कडुनिंब लावावेत. पश्चिमेच्या उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवर जांभूळ, हिरडा. मात्र रोपें आणण्यापूर्वीं कोणीतरी कुदळ घेऊन त्या रंगविलेल्या ठिकाणीं जावें, हातभर खणून पाहावें, आणि तेथें मेंढरें चारणाऱ्यास पाणी कोठें मुरतें तें विचारावें.