रोपाचा दिवा आणि राबणाऱ्याचे डोळे



माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांत झाले. म्हणून दिव्यांविषयी बोलतानाही मला आधी त्याखाली राबणारा दिसतो.

घरात रोपे वाढवायची, तर दिवा कोणता घ्यावा? दुकानदार ल्यूमेनचा आकडा दाखवतो. परंतु ल्यूमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप. रोपाची भूक मुख्यतः तांबड्या व निळ्या प्रकाशाची. साधा पिवळा बल्ब शेकडा ९० हून अधिक वीज उष्णतेतच दवडतो. ट्यूब पालेभाजीला पुरते, पण तिच्यात पारा असतो. सोडियमचा दिवा हरितगृहांत वर्षानुवर्षे चालला. तो फार तापतो, म्हणून उंच टांगावा लागतो. विजेच्या हिशेबात चांगला एलईडी या सर्वांना मागे टाकतो.

मग प्रश्न मिटला काय? नाही! तांबड्या-निळ्या एलईडीखाली सारे जांभळे दिसते. पिवळे पडलेले पान मजुराला ओळखू येत नाही. पांढऱ्या एलईडीत ते दिसते. त्यातला हिरवा प्रकाशही वाया जात नाही. पान तोही वापरते, हे मॅक्री यांनी १९७२ साली मोजून दाखवले.

तेव्हा मापे दोन घ्या: एक रोपाचे, दुसरे राबणाऱ्याचे.