सूक्ष्म जीवाचे सामर्थ्य



सूक्ष्म जीवांची जयणा आपणांस बालपणापासून शिकविली जाते. आपल्या देवनारजवळच, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशाच एका जीवाचा अभ्यास झाला आहे. ‘डायनोकोकस रेडिओड्युरन्स’ हा जिवाणू १९५६ साली अमेरिकेत, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात आढळला. मनुष्यास सुमारे ५ ग्रे किरणोत्सर्ग प्राणघातक ठरतो. हा जिवाणू ५,००० ग्रे सोसतो. त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात. परंतु प्रथिने शाबूत राहत असल्याने ती रफूगाराप्रमाणे काही तासांत ते तुकडे पुन्हा सांधतात. २००६ साली डॉ. श्रीकुमार आपटे व सहकाऱ्यांनी त्यात दुसऱ्या जिवाणूचे जनुक घालून, पाण्यात विरघळलेले युरेनियम साक्यात उतरविण्याची क्षमता त्यास दिल्याचे प्रसिद्ध केले.

प्रयोगशाळेत जीवहिंसा घडते, म्हणून आपल्या काही घरांत मुलांना जीवशास्त्रापासून परावृत्त केले जाते. ही शंका रास्त आहे. परंतु दूषित पाण्याने असंख्य जीवांची हानी होते, तीही विचारात घ्यावयास हवी. निर्णय मुलांनी विवेकाने करावा. शिष्यवृत्ती देताना आपण मात्र हा विषय वगळू नये, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!