वाळलेलं पान काढू नका

घर झाडून-पुसून लख्ख ठेवण्याची सवय एरवी चांगलीच म्हणायची. पण या सवयीपायी माझ्या हातून एक झाड गेलं. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

आमच्या शेजारच्या काकू मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी गॅलरीच्या भिंतीवरची एक फळी उतरवून माझ्या हाती दिली. फळीवर सांबराच्या शिंगांसारखी, फाटे फुटलेली हिरवी पानं. "स्टॅगहॉर्न फर्न आहे गं. वीस वर्षं माझ्याकडे आहे. सांभाळशील ना?" मी मोठ्या विश्वासानं हो म्हटलं.

दिवाळीची साफसफाई निघाली. फळीला चिकटलेली तपकिरी, कागदासारखी वाळलेली पानं माझ्या डोळ्यांत खुपू लागली. ती एकेक करून सोलून काढली. हिरव्या पानांवरची पांढुरकी लव धूळ समजून ओल्या फडक्यानं पुसली. वर रोज सकाळी तांब्याभर पाणी! महिन्याभरात बुडखा काळा पडला आणि झाड गेलं. एखाद्या आळशी माणसाच्या घरी ते नक्की जगलं असतं.

मग मी या झाडाची माहिती मिळवली. अर्थात, थोडी उशिराच. हे नेच्याच्या कुळातलं झाड. त्याचं शास्त्रीय नाव प्लॅटिसेरियम, म्हणजे ग्रीक भाषेत 'रुंद शिंग'. आपल्याकडे रोपवाटिकेत सहसा मिळते ती बायफर्केटम ही जात, मूळची पूर्व ऑस्ट्रेलियाकडची. तिचं एक भावंड, वॉलिचाय, आपल्या मणिपूरच्या बाजूला आढळतं. जंगलात ही झाडं मोठ्या वृक्षांच्या खोडांवर वाढतात, पण ती बांडगुळं नव्हेत. ती फक्त आधार घेतात, वृक्षाचा रस शोषत नाहीत.

मग मातीपासून इतक्या उंचावर यांना पाणी आणि खत कोण देतं? याचं उत्तर त्या वाळक्या पानांत आहे. या झाडाला दोन तऱ्हेची पानं येतात. एक शिंगांसारखी, दुसरी ढालीसारखी. ढालीची पानं आधी हिरवी असतात, मग तपकिरी होतात, पण जागा सोडत नाहीत. मुळांवर पांघरूण घालतात, ओल धरून ठेवतात. वरून पडलेला पालापाचोळा त्यांच्यामागे अडकतो, कुजतो आणि त्याचंच खत होतं. म्हणजे मी कचरा म्हणून फेकलं ते त्या झाडाचं छप्पर होतं आणि कोठारही.

आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात झाडांवर, कातळांवर बाशिंग नावाचं नेचं दिसतं. त्याच्याही बुडाशी अशीच तपकिरी पानं असतात आणि त्यांचं कामही हेच.

आता घरी लावायचं कसं ते सांगते. लाकडाची जाडसर फळी घ्यावी. तिच्यावर भिजवून पिळलेलं मॉस किंवा नारळाचा काथ्या पसरावा, त्यावर रोप टेकवून नायलॉनच्या दोऱ्यानं बांधावं. दोरा ढालीच्या पानांवरून जाऊ द्यावा, पण मधल्या कोंबावर येऊ देऊ नये. तांब्याची तार मात्र वापरू नये, तांबं या झाडाला बाधतं. भरपूर उजेड, पण दुपारचं कडक ऊन नाही, अशी हवेशीर जागा निवडावी.

पाणी रोज नको. फळी उचलून पाहावी. हलकी लागली की बादलीभर पाण्यात १०-१५ मिनिटं बुडवावी, निथळू द्यावी आणि पुन्हा टांगावी. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, एरवी साधारण एकदा पुरतं. पावसाळ्यात त्याहून कमी. ढालीच्या पानांवर काळे ओलसर डाग दिसले, तर पाणी जास्त होतंय असं समजावं. शिंगांच्या टोकांना खालून तपकिरी मखमल दिसली, तर घाबरू नये. तो रोग नव्हे, ते बीजाणू आहेत. आणि ती पांढरी लव पुसू नये. पानातली ओल ती राखते.

काकूंना फोन करून सगळं सांगायला मला दोन महिने लागले. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अगं, त्याचं एक पिल्लू मी माझ्या जावेला दिलं होतं. जाऊन बघ."

जुन्या रोपाच्या कडेला फुटणाऱ्या कोंबांना पिल्लं म्हणतात. ती तळहाताएवढी झाली की मुळांसकट सोडवून वेगळी लावता येतात. काकूंच्या जाऊबाईंनी मला तसं एक पिल्लू दिलं. आज ते माझ्या गॅलरीत आहे. पाहुणे येतात, झाडाचं कौतुक करतात आणि हमखास म्हणतात, "ते वाळलेलं पान काढून टाका की!"

मी त्यांना चहा देते आणि ही गोष्ट सांगते.